शक्यता आणि तिचा आधार
(नागाव येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड वक्त्यावर सोपवली, आणि ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांचा ओढा सोप्या विषयापेक्षा अवघड विषय सोपा करून सांगण्याकडे असे, हे मी ऐकून होतो. म्हणून तत्त्वज्ञानातील एक जुना आणि बराचसा रूक्ष समजला जाणारा प्रश्न आज आपणापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे. प्रश्न असा की, जे घडलेले नाही परंतु घडू शकते किंवा घडू शकले असते, त्याविषयी आपण जी विधाने करतो ती खरी किंवा खोटी कशाने ठरतात? 'वाडीत विहीर आहे' हे विधान पारखावयाचे तर वाडीत जाऊन पाहावे. 'वाडीत आणखी एक विहीर होऊ शकली असती' हे विधान पारखावयाचे तर पाहावयाचे कोठे? न खणलेली विहीर कोणास दाखवता येत नाही, आणि तरीही असल्या विधानांवरून माणसे भांडतात, पैसे गुंतवतात, दावे लावतात, आणि कधीकधी दावे जिंकतातही. ज्या विधानांवर व्यवहाराचा एवढा भार आहे, ती नुसत्या कल्पनेची लहर आहेत असे म्हणून चालावयाचे नाही.

या प्रश्नाचा आरंभ करण्यासाठी ग्रीस किंवा जर्मनी गाठण्याचे कारण नाही. अष्टागराच्या या पट्ट्यात त्याचे शिलारूप पुरावे आहेत. शेजारच्या आक्षी गावचा शिलालेख मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो, आणि खुद्द नागावातही हंबीररावाच्या राजवटीचा, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिलालेख उपलब्ध झालेला आहे. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ सालच्या संग्रहात अशा लेखांची साक्षेपाने वाचने दिली. कोकणातील दानशिळांची, ज्यांना आपण गद्धेगाळ म्हणतो त्यांची, घडण बहुधा ठराविक असते: वरच्या अंगास चंद्रसूर्य, मधल्या अंगास दानाचा मजकूर, आणि खालच्या अंगास दान मोडणाऱ्याच्या अप्रतिष्ठेचे गाढवाचे शिल्प. यांपैकी दानाचा मजकूर झाल्या गोष्टीचा आहे. अमुकाने अमुकास अमुक जमीन दिली, एवढेच तो सांगतो. शापाचा मजकूर मात्र न झाल्या गोष्टीचा आहे. दान मोडणारा तो इसम कोण, हे कोरणाऱ्यास ठाऊक नाही. तो जन्मास आलेला नाही, कदाचित कधी येणारही नाही. आणि तरीही दगडाचा एक तृतीयांश भाग त्याच्यासाठी राखून ठेवलेला आहे. आजच्या खरेदीखतातही 'सदर मिळकतीबाबत कोणीही हक्क, हरकत अथवा इस्किल केल्यास तिचे निवारण लिहून देणार स्वखर्चाने करून देतील' असे कलम हटकून असते, आणि हरकत घेणारा तो 'कोणी' शिळेवरल्या शापितासारखाच बेपत्ता असतो. शाप जाऊन नुकसानभरपाई आली; न घडलेल्या गोष्टीची तजवीज मात्र कायम राहिली.

आता या शापवचनाचा तर्कशास्त्राच्या दृष्टीने विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेगे याने, आणि त्याच्यामागून रसेल याने, जे गणिती तर्कशास्त्र उभारले त्यात 'जर-तर' विधानाचा हिशोब अगदी मोजका आहे: पूर्वांग खरे असून उत्तरांग खोटे निघाले तरच ते विधान खोटे, एरवी खरे. गणितास हा हिशोब पुरतो. परंतु समजा, एखादे दान पुढील सर्व काळात कोणीच मोडले नाही. तर या हिशोबाने 'जो मोडील त्याचा निर्वंश होईल' हे विधान खरे ठरते, आणि 'जो मोडील त्यास स्वर्ग मिळेल' हेही तितकेच खरे ठरते, कारण पूर्वांगच कधी खरे झालेले नाही. दान देणाऱ्या राजाला हा निकाल कळता तर त्याने पाथरवटाची मजुरी वाचवली असती. ही विसंगती अमेरिकन तत्त्वज्ञ सी. आय. लुईस यास खटकली, आणि १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, 'जर-तर' या सांध्यात नुसत्या घडण्या-न घडण्यापलीकडचे काही असते. पूर्वांग खरे असून उत्तरांग खोटे असणे हे केवळ घडलेले नाही एवढेच नव्हे, ते शक्यच नाही, असे आपणास म्हणावयाचे असते. पुढे १९३२ मध्ये लँगफर्ड याच्या सहकार्याने त्याने शक्यता व अनिवार्यता यांच्या पाच पद्धती मांडल्या. शक्यतेचे आधुनिक तर्कशास्त्र जन्मास आले ते असे, एका साध्या 'जर'च्या पोटातून.

लुईसने शक्यतेला चिन्ह दिले. तिचा अर्थ काय हे सांगण्याचे काम शिल्लक राहिले. त्या कामी आपली भाषा आपणास मोठे साहाय्य करते. मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त क्रियापदांच्या अर्थांची जी चर्चा केली आहे, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ ही जी विभागणी आपण शाळेत पाठ करतो, तिच्यात तत्त्वज्ञानाचे पुष्कळ द्रव्य दडलेले आहे. त्यापैकी एकच अंश जवळून पाहू. वाडीत राहणाऱ्या चार माणसांची चार वाक्ये घ्या. म्हातारा गडी म्हणतो, 'मला आता माडावर चढवत नाही.' शहरातून सुटीसाठी आलेला त्याचा नातू म्हणतो, 'मला माडावर चढता येत नाही.' शेजारी म्हणतो, 'त्या माडावर आम्हांला चढायचे नाही, वहिवाट त्यांची आहे.' आणि घरातली सून, गडी कोठे आहे असे विचारल्यावर, म्हणते, 'ते माडावर गेले नसतील; कोयती पडवीत टांगलेली आहे.' चारही वाक्यांत माडावर चढण्याचा नकार आहे, परंतु कोणतीही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. म्हाताऱ्याला चढण्याची कला अवगत आहे, शरीर साथ देत नाही; नातवाचे शरीर धडधाकट आहे, कला नाही; शेजाऱ्यापाशी दोन्ही आहेत, हक्क नाही; आणि सुनेचे वाक्य गड्याच्या कुवतीविषयी किंवा हक्काविषयी मुळी नाहीच, ते तिच्यापाशी असलेल्या पुराव्याविषयी आहे. नातू म्हाताऱ्याचे वाक्य उसने घेऊन 'मला चढवत नाही' म्हणेल तर ऐकणारे त्याच्या प्रकृतीची चौकशी करतील.

शक्यता ही एकच आहे की अनेक आहेत, असा प्रश्न येथे उभा राहतो. अर्थविचाराच्या क्षेत्रात अँजेलिका क्रात्सर हिने १९७७ पासून जे लेखन केले त्याचा निष्कर्ष असा की, शक्यतेचा सांगाडा एकच असतो, परंतु त्याला प्रत्येक वेळी एक आधार पुरवावा लागतो. 'अमुक शक्य आहे' याचा अर्थ, अमुक गोष्ट गृहीत धरलेल्या बाबींशी विसंगत नाही, एवढाच. त्या बाबी कोणत्या, हे कधी क्रियापदाचे रूप सांगते, कधी प्रसंग सांगतो, आणि कधी कोणीच सांगत नाही, त्यामुळे वाद माजतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याविषयी दोन प्रवासी भांडू लागले, एक म्हणाला 'किल्ल्यात चालत जाता येते' आणि दुसरा म्हणाला 'येत नाही', तर दोघांस खोटे ठरवण्याची गरज नाही. पहिल्याने ओहोटी गृहीत धरली आहे आणि दुसऱ्याने भरती. आधार उच्चारला की भांडण मिटते. तो गिळला की दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या असून भांडण चालूच राहते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सार्वजनिक जीवनातील निम्म्या वादांची हीच हकीकत आहे.

क्रात्सरने अर्थाच्या अंगाने जे सांगितले त्याची गणिती बाजू तिच्या आधीच सिद्ध झालेली होती. अनंत शक्य जगांतून ईश्वराने उत्तम जग निवडले, ही कल्पना लायब्नित्झ याने १७१० सालच्या 'थिओडिसी' या ग्रंथात मांडली होती. तिचे ईश्वरविषयक अंग बाजूस सारून, १९५९ साली, वयाची विशीही न गाठलेल्या सॉल क्रिपके याने ती तर्कशास्त्राच्या कामी लावली, आणि १९६३ मध्ये तिला एक महत्त्वाची जोड दिली. शक्य म्हणजे कोणत्या तरी एका जगात खरे, अनिवार्य म्हणजे सर्व जगांत खरे, हे पहिले पाऊल. पण कोणत्याही जगातून कोणतेही जग गम्य असते असे नाही, कोणते कोठून गम्य हे वेगळे सांगावे लागते, हे दुसरे. या गम्यतेचे नियम बदलले की तर्कशास्त्र बदलते, आणि लुईसच्या ज्या पद्धती नुसत्या चिन्हांच्या राशी वाटत होत्या त्यांतील भेद एकाएकी उलगडतात. उदाहरणार्थ, जे शक्य होण्याची शक्यता आहे ते शक्यच म्हणावे काय? अज्ञान मुलास आज आपली जमीन विकता येत नाही. सज्ञान झाल्यावर तो विकू शकेल. विकण्याचा अधिकार त्यास मिळणे शक्य आहे, विकणे मात्र आज शक्य नाही. कायद्याच्या आधाराने पाहिले तर शक्यतेची शक्यता ही शक्यता नव्हे. शुद्ध तर्काच्या आधाराने पाहिले, म्हणजे केवळ आत्मविरोध नसावा एवढीच अट ठेवली, तर ती शक्यताच ठरते.

भवितव्याचा प्रश्न या चौकटीत कसा बसतो, हे पाहण्यासाठी अ‍ॅरिस्टॉटलचे आरमारी लढाईचे प्रसिद्ध उदाहरण आपल्या किनाऱ्यावर आणू. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांची संयुक्त फौज कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून आली. कमोडोर मॅथ्यूज याची लढाऊ जहाजे समुद्रात उभी होती. अशा एका रात्री तटावरच्या पहारेकऱ्याने 'उद्या लढाई होईल' असे म्हटले असेल, तर ते वाक्य त्याच क्षणी खरे किंवा खोटे होते काय? खरे होते म्हणावे, तर लढाई टळणे अशक्य होते. खोटे होते म्हणावे, तर लढाई होणे अशक्य होते. दोन्ही पक्षी मसलती, बातमीदार आणि पेशव्यांची कुमक यांचा खटाटोप फुकट. या कोड्यातील गाठ अशी आहे: 'लढाई होईल किंवा होणार नाही' हे सबंध विधान अटळ आहे, परंतु त्यावरून त्यातील एखादा विकल्प स्वतः अटळ आहे असे निघत नाही. वाक्य खरे असणे ही एक गोष्ट. ते आजवरच्या घटनांनी बांधले गेलेले असणे ही दुसरी. आदल्या रात्रीपर्यंत घडलेल्या सर्व गोष्टी आधारास घेतल्या तरी लढाईचा दिवसही त्यांच्याशी सुसंगत होता आणि निवांत दिवसही. मसलतीला अर्थ येतो तो या मोकळ्या जागेमुळे. तो हल्ला शेवटी फसला, आणि १७२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत कान्होजींची किनाऱ्यावरील हुकमत टिकली, हे आज बदलणे शक्य नाही. पण तेव्हा वेगळे घडणे शक्य नव्हते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

येथवर आपण शक्यतेला आधार लागतो असे म्हणालो. पण आधाराच्या बाबी कोठल्या? त्या आपल्या मनातल्या की वस्तूंतल्या? या प्रश्नावर भारतात जो वाद झाला तो मला ग्रीकांच्या तत्सम वादाहून अधिक सखोल वाटतो. ग्रीसमध्ये मेगारा येथील पंडित म्हणत की, जो बांधीत आहे तोच बांधू शकतो. गवंडी थापी खाली ठेवून जेवावयास बसला की त्याची शक्ती संपली. अ‍ॅरिस्टॉटलने त्यांची थट्टा केली. आपल्याकडे बौद्ध नैयायिकांनी हाच पक्ष फार कडक युक्तिवादाने मांडला. ते म्हणत: कोठारातल्या बीजाला अंकुर फुटत नाही, शेतातल्या बीजाला फुटतो, जे समर्थ आहे ते कार्य करण्यास विलंब कशाला लावील? म्हणून कोठारातले बीज असमर्थ, शेतातले समर्थ. आणि समर्थ व असमर्थ एकच असू शकत नाही, म्हणून ते बीज क्षणोक्षणी बदलते. न्यायपरंपरेतील उदयनाचार्यांनी 'आत्मतत्त्वविवेका'त याचे खंडन केले. बीज तेच आणि समर्थही तेच. उणीव आहे ती सहकारी कारणांची, माती, पाणी, ऊब यांची. आपल्या माळ्यावर पडलेला बियाण्याचा नारळ घ्या: तो पेरला गेला नाही, कदाचित उद्या सोलून आमटीतही जाईल, म्हणून तो कधी रुजू शकत नव्हता असे कोणी शहाणा बागायतदार म्हणणार नाही.

नव्यन्यायाने या विचाराला काटेकोर परिभाषा दिली. रानात उभी असलेली आणि कुंभाराच्या हाती कधीही न येणारी काठी घट घडवण्यास स्वरूपाने योग्य आहे. हिला त्यांनी स्वरूपयोग्यता म्हटले. प्रत्यक्ष चाक फिरवून घट घडवणाऱ्या काठीपाशी जे अधिक आहे ते फलोपधान. म्हणजे न घडलेल्या घटाची शक्यता मानण्यासाठी नैयायिकाला दुसरे जग मानावे लागत नाही. ती शक्यता याच जगातल्या, याच रानातल्या काठीच्या अंगी असते. शाब्दबोधाच्या चर्चेतही त्यांनी योग्यता हा निकष ठेवला: 'पाण्याने शिंपतो' यातून अर्थबोध होतो, 'अग्नीने शिंपतो' यातून होत नाही, कारण शिंपण्याची योग्यता अग्नीत नाही. आणि न घडलेल्या गोष्टीचा बुद्धिपुरस्सर आरोप करून विचार करण्याच्या रीतीला त्यांनी तर्क हे नाव दिले: डोंगरावर अग्नी नसता तर धूरही नसता, धूर तर दिसतो आहे. मात्र हा तर्क त्यांनी स्वतंत्र प्रमाण मानला नाही, प्रमाणाचा साहाय्यक मानला. हे सर्व ज्ञान मराठी विद्वानांनी आधुनिक काळात जिवंत ठेवले आहे. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची १८९७ सालची 'तर्कसंग्रहा'ची आवृत्ती, भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश', आणि पाश्चात्त्य तर्कशास्त्राशी न्यायाची सांगड घालून पाहणारे सुरेंद्र बारलिंगे यांचे १९६५ चे भारतीय तर्कशास्त्रावरील इंग्रजी पुस्तक, ही नावे या संदर्भात कृतज्ञतेने घ्यावयाची.

आता पाश्चात्त्य पक्षाकडे परत वळून पाहा. शक्य जगे ही खरोखर आहेत काय? क्वाइन याने १९४८ मध्ये विचारले की, या रिकाम्या दारात उभा असू शकणारा लठ्ठ मनुष्य आणि उभा असू शकणारा टक्कल पडलेला मनुष्य हे दोघे एकच की दोन, आणि असे एकूण किती? ज्यांची मोजदाद होत नाही अशांची नोंद दप्तरी घेऊ नये, असा त्याचा रोख होता. याच्या अगदी उलट टोकाला डेव्हिड लुईस गेला. १९७३ मध्ये त्याने 'असे झाले असते तर' या विधानांचा अर्थ जगांच्या साम्यावर बसवला: पूर्वांग ज्यांत खरे आहे अशा जगांपैकी आपल्या जगाशी सर्वांत अधिक साम्य असणारी जगे निवडावी आणि तेथे उत्तरांग खरे आहे काय ते पाहावे. आणि १९८६ मध्ये, ही जगे आपल्या जगाइतकीच खरी आहेत असे त्याने निःसंकोच प्रतिपादन केले. क्रिपके मध्यम मार्गाने गेला. प्रिन्स्टन येथे १९७० साली दिलेल्या व्याख्यानांत त्याने म्हटले की, शक्य जग ही दुर्बिणीतून शोधून काढावयाची वस्तू नव्हे. आपण ते ठरवून घेतो. 'कुलाब्याच्या वेढ्यात कान्होजी हरले असते' असे म्हणताना आपण परक्या जगातला कान्होजीसदृश इसम हुडकीत नाही. याच कान्होजींविषयी बोलतो. 'कुलाब्याचा विजेता' हे वर्णन दुसऱ्या कोणास लागू पडू शकले असते. 'कान्होजी' हे नाव मात्र प्रत्येक कल्पित प्रसंगात त्याच माणसाला धरून राहते. हा विचार उदयनाचार्यांच्या बीजविचाराच्या फार जवळ येतो, असे मला वाटते: शक्यता नेहमी कोणाची तरी असते, आणि ते कोणीतरी येथे असते.

परंतु नुसत्या मतांच्या तुलनेवर थांबणे बरे नव्हे. शक्यतेविषयीचे विधान प्रत्यक्षात कसे पारखले जाते याचा एक उत्तम दाखला अलिबागेत आहे. मुंबईतील कुलाबा येथील वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद अखंड घेतली जात होती. शतकाच्या अखेरीस मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याची योजना निघाली. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या ध्यानात आले की, विजेचे प्रवाह जवळून वाहू लागले की सूक्ष्म उपकरणांच्या नोंदी भ्रष्ट होतील. ट्राम अजून धावली नव्हती. हानी अजून झाली नव्हती. न झालेल्या हानीच्या आधारावर त्यांनी नवी जागा शोधली, आणि १९०४ साली अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, तीही बांधकामात चुंबकीय गुणाचे साहित्य येणार नाही अशी दक्षता घेऊन. यापुढचे पाऊल तर्कशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत सुंदर आहे. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून कुलाबा व अलिबाग यांतील फरक कायमचा माहीत व्हावा. १९०७ मध्ये विजेच्या ट्राम सुरू झाल्या.

यातून काय साधले पाहा. १९०७ नंतर 'ट्राम नसत्या तर कुलाब्याच्या उपकरणाने आज काय दाखवले असते?' असा प्रश्न कोणी केला, तर ती रिकामी कल्पना राहत नाही. अलिबागची त्या दिवसाची नोंद घ्यावी, दोन स्थळांतील माहीत असलेला फरक तिच्यात मिळवावा, आणि उत्तर द्यावे. म्हणूनच कुलाबा-अलिबागच्या नोंदी जगातील दीर्घ आणि अखंड चुंबकीय नोंदींत गणल्या जातात. न घडलेल्या गोष्टीविषयीचे हे विधान खरे ठरते ते घडलेल्या दोन गोष्टींच्या जोरावर: दोन्ही स्थळांच्या समकालीन नोंदी आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा स्थिर नियम. डेव्हिड लुईसच्या भाषेत, आपण ट्रामविरहित निकटतम जगाविषयी बोललो. नैयायिकाच्या भाषेत, आपण तर्क केला आणि त्याला प्रमाणाचे पाठबळ दिले. माझ्या मते दुसरी भाषा अधिक प्रामाणिक आहे, कारण काम कोणी केले हे ती सांगते. निकटतम जग कोठेही गेले नाही. दोन वर्षे रोज नोंदी घेणारे लोक गेले.

न घडलेल्या गोष्टीच्या या हिशोबाची दुसरी बाजू अष्टागराने ३ जून २०२० रोजी सोसली. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि माडापोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनामा झाला, पंचनाम्यात पडलेली झाडे मोजली गेली. परंतु नुकसान म्हणजे पडलेले झाड नव्हे. नुकसान म्हणजे ते झाड उभे असते तर जे मिळाले असते ते. पोफळ लावल्यापासून सुपारी धरावयास कित्येक वर्षे जातात, आणि माड तर पिढ्यांचा सोबती. तेव्हा एका दिवसात जे गेले ते पुढील अनेक वर्षांचे, अद्याप अस्तित्वात नसलेले उत्पन्न होते. भरपाई हेक्टरी मोजावी की झाडागणिक, हा जो वाद बागायतदारांनी त्यानंतर उपस्थित केला तो वरवर पाहता हिशोबाचा वाटतो. खरे पाहता तो आपल्या आजच्या विषयाचाच आहे. हेक्टर हा आधार धरला की विरळ फळबाग आणि दाटीने लावलेली पोफळ यांची न घडलेली मिळकत एकच ठरते. झाड हा आधार धरला की ती वेगवेगळी ठरते. दोन्ही पक्ष 'काय मिळाले असते' याविषयीच बोलत होते, आणि दोघांचे आधार निराळे होते.

एवढ्या विवेचनानंतर माझा निर्णय थोडक्यात सांगतो. शक्य जगांची भाषा हिशोब ठेवण्यासाठी उत्तम आहे. क्रिपकेने दिलेली गम्यतेची कल्पना आणि क्रात्सरने दाखवलेली आधाराची गरज यांवाचून शक्यतेविषयी स्पष्ट बोलता येणे कठीण आहे. परंतु खतावणी म्हणजे खजिना नव्हे. शक्यतेचे भांडवल याच जगात असते: बीजाच्या योग्यतेत, उपकरणाच्या नोंदीत, वाडीच्या वयात, दस्तातल्या शब्दात. म्हणून शक्यतेविषयी बोलणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या येतात. कोणत्या बाबी धरून आपण बोलत आहोत हे त्याने सांगावे. आणि गोष्ट शक्य असून घडत नसेल तर कोणते सहकारी कारण अपुरे आहे तेही सांगावे.

आपल्यापैकी प्रत्येकास कचेरीत, ग्रामसभेत, घरातल्या वाटणीच्या बैठकीत 'हे शक्य नाही' असे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. ते निसर्गनियमाने शक्य नाही, कायद्याने शक्य नाही, शिलकीत पैसा नाही म्हणून शक्य नाही, की सांगणाऱ्याच्या मनात नाही म्हणून शक्य नाही, हे चार अर्थ एकाच वाक्यात सहज लपतात, आणि चौथा अर्थ पहिल्याचा पोशाख घालून येतो. माझी आपणास विनंती आहे की, ते वाक्य ऐकताच मान डोलावू नये आणि संतापूही नये. 'काय धरून शक्य नाही?' एवढा एक प्रश्न शांतपणे विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी मागावे.